फॅट बाइकच्या टायरात हवा किती? नागपूरच्या मुरमापासून सिस्सूच्या बर्फापर्यंत

नागपुरात फॅट बाइक दिसते ती बहुतेक वेळा सिमेंट रोडवर. चार इंची टायर ठणठणीत फुगवलेले, खालून घरघर आवाज, आणि उड्डाणपुलाच्या चढावर चालवणाऱ्याच्या तोंडाला फेस. महिन्याभरात ती बाल्कनीत जाते आणि घरचे विचारतात, "एवढी जाड सायकल घ्यायला सांगितली कोणी?" यात सायकलीचा दोष थोडाच असतो. खरा दोष पेट्रोल पंपावर भरलेल्या ३० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवेचा.

या सायकलीतली प्रत्येक जादा गोष्ट, म्हणजे जाड टायर, रुंद रिम, फाकलेली फ्रेम आणि लांब अ‍ॅक्सल, एकाच कामासाठी आहे: टायरात अगदी कमी हवा ठेवूनही रिम जमिनीवर आपटू नये. ती हवा तुम्ही कमी केलीच नाही, तर हाती उरतं ते फक्त १७-१८ किलो वजन.

बर्फात रुततं तेच वाळूत रुततं

फॅट बाइक जन्मली दोन ठिकाणी. अलास्कात १९८७ मध्ये इडिटारॉडच्या बर्फाळ मार्गावर, जिथे कुत्र्यांच्या गाड्यांची शर्यत होते, इडिटाबाइक ही सायकल शर्यत सुरू झाली. तेव्हाच्या माउंटन बाइकचे दोन इंची टायर बर्फात रुतत, म्हणून लोक दोन-दोन रिम शेजारीशेजारी वेल्ड करून चाक रुंद करू लागले. फेअरबँक्सच्या सायमन राकोवर यांनी पुढे ४४ मिलिमीटर रुंदीची 'स्नोकॅट' रिम काढली. तिकडे दक्षिणेत, न्यू मेक्सिकोत, रे मोलिना वाळूच्या टेकड्यांसाठी ८० मिलिमीटरच्या आसपासच्या रिम आणि साडेतीन इंची टायर बनवून घेत होते. २००५ मध्ये सर्ली कंपनीची 'पग्सली' ३.७ इंची टायर घेऊन बाजारात आली आणि ही सायकल दुकानात तयार मिळू लागली.

बर्फ आणि वाळू यांची अडचण एकच आहे. खालचा थर भार पेलत नाही. त्यामुळे ज्याला मनालीच्या पलीकडे बर्फात सायकल चालवायची आहे, त्याला कन्हान नदीच्या वाळूत बराचसा सराव करता येतो. उरलेला भाग थंडीचा, तो कन्हानला शिकता येत नाही. त्याबद्दल पुढे.

भार भागिले दाब

टायर जमिनीला किती टेकतो हे काढायला साधा भागाकार पुरतो. चाकावरचा भार भागिले टायरातला दाब. समजा माणूस ७२ किलोचा, सायकल १८ किलोची, एकूण ९०. बसल्यावर साधारण साठ टक्के भार मागच्या चाकावर येतो, म्हणजे ५४ किलो. एक पीएसआय म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला ०.०७ किलो.

मागच्या चाकात २५ पीएसआय असेल, तर टायर सुमारे ३१ चौरस सेंटिमीटर टेकतो. १० पीएसआयला ७७. पाचला १५४. टायरचं कापड ताठ असेल तर थोडा भार तेच उचलतं, म्हणून प्रत्यक्षातला आकडा जरा कमी येतो, पण प्रमाण हेच राहतं. हवा निम्मी केली की टेकण दुप्पट.

आता माणसाच्या बुटाचा तळ बघा. साधारण दोनशे चौरस सेंटिमीटर. चालताना सगळा भार एका पायावर येतो, म्हणजे ७२ किलोचा माणूस जमिनीवर साधारण पाच पीएसआयनेच दाबतो. यातून एक फार उपयोगी चाचणी मिळते. समोर वाळू असो, चिखल असो की बर्फ, आधी उतरून चार पावलं चाला. बूट बोटभर रुतला तर हवा कमी करून सायकल जाईल. घोट्यापर्यंत रुतला तर कुठलाही टायर लावा, तिथे सायकल ढकलावीच लागेल.

कमी हवेचा दुसरा फायदा खडकाळ वाटेवर कळतो. टणक टायर प्रत्येक खड्यावर चढतो आणि उतरतो. त्यात सायकल आणि माणूस दोघेही दर वेळी वर उचलले जातात, आणि ती ताकद पायातूनच जाते. मऊ टायर खडा पोटात घेतो आणि पुढे जातो. सिमेंटवर मात्र गिळायला खडे नसतात. तिथे मऊ टायर प्रत्येक फेऱ्याला उगाच दबतो, उलगडतो आणि तापतो. म्हणून सिमेंटवर कमी हवा जड लागते आणि मुरमावर जास्त हवा जड लागते. ज्यांनी फक्त सिमेंटवर चालवून पाहिली, त्यांचा ग्रह उलटा झालेला असतो.

नागपूरच्या वाटांसाठी आकडे

खालचे आकडे ७० ते ७५ किलोच्या माणसासाठी, ४ इंची टायर आणि ८० मिलिमीटर रिम धरून आहेत. वजन दहा किलोने वाढलं तर एक पीएसआय वाढवा. पुढच्या चाकात मागच्यापेक्षा एक-दीड कमी ठेवा, कारण तिथे भार कमी असतो.

घरापासून वाटेपर्यंतचा सिमेंट किंवा डांबरी रस्ता: १८ ते २२. हिंगणा, रामटेककडच्या कोरड्या पांदणी आणि मुरमाचे रस्ते: १२ ते १४. सेमिनरी हिल्ससारखी दगड-मुळांची चढ-उताराची वाट: १० ते १२, आणि इथे त्याखाली जाऊ नका, कारण दगडावर रिम आपटते. कन्हानच्या पात्रातली कोरडी वाळू: ६ ते ८. पाण्याजवळची ओली, दबलेली वाळू कोरडीपेक्षा जास्त भार पेलते, तिथे दहाही चालतात. पण जिथे वाळूचा उपसा झालेला आहे, तिथे पाण्याच्या कडेने जाऊ नका. खड्डा वरून दिसत नाही.

हवा प्रमाणाबाहेर कमी झाली की तीन गोष्टी कळवतात. दगडावर 'टंग' असा धातूचा आवाज येतो. वळणावर हँडल स्वतःहून आत ओढलं जातं, सोडून पुन्हा सरळ करायला जोर लागतो. आणि बसल्यावर टायरच्या बाजूला सुरकुत्या दिसतात. सुरकुत्या वाळूत आणि बर्फात चालतात, दगडात नाही. हवा जास्त असेल तर सायकल चेंडूसारखी उडते आणि सैल मुरमाच्या चढावर मागचं चाक जागच्या जागी फिरतं.

या सगळ्याला एक वस्तू लागते, आणि ती बहुतेकांकडे नसते: शून्य ते ३० पीएसआयपर्यंतच मोजणारा गेज. पंपावरचा गेज मोटारीसाठी असतो. त्याच्यावर ८ आणि १२ यांतला फरक नीट दिसत नाही, आणि फॅट बाइकमध्ये सगळा खेळ त्या चार आकड्यांचा आहे. बोटाने दाबून अंदाज घेणारे जुने लोकही इथे चुकतात, कारण टायरचं कापड जाड असलं की सहा आणि दहा बोटाला सारखेच लागतात. गेज नसेल, तर सायकलीच्या बाकीच्या सुधारणांवर पैसे घालण्यात अर्थ नाही.

पंपही मोठा हवा. चार इंची टायरात साधारण १४ लिटर जागा असते, दोन इंचीत जेमतेम चार. रस्त्यावरच्या सायकलीचा छोटा हातपंप टायर भरेपर्यंत दंड भरून आणतो. पायपंप किंवा जास्त हवा ढकलणारा जाड नळीचा हातपंप घ्या. पेट्रोल पंपाच्या कॉम्प्रेसरने भरत असाल, तर क्षणाक्षणाला थांबून मोजा. टायरच्या बाजूला कमाल दाब छापलेला असतो, बहुतेकांवर २० ते ३०. त्यापुढे गेलं की टायर रिमवरून सुटू शकतो, आणि १४ लिटर हवा एकदम सुटण्याचा आवाज लहान नसतो.

उन्हाचा हिशेबही यातच येतो. पहाटे २८ अंशांना १२ पीएसआय भरलेला टायर मे महिन्याच्या दुपारी उन्हात तापून ६० अंशांवर गेला, तर त्यात साधारण १५ होतात. काही बिघडत नाही. पण ३० भरलेला टायर ३५च्या जवळ जातो, म्हणजे छापलेल्या मर्यादेपलीकडे. "उन्हात टायर फुटतो" हे नागपुरी वाक्य खरं आहे ते अशा टायरांपुरतं.

ट्यूब, व्हॉल्व्ह आणि सराटे

कमी हवेला ट्यूब लावली की एक खास बिघाड होतो, आणि तो साध्या सायकलीवर सहसा दिसत नाही. ब्रेक लावताना आणि जोरात पायडल मारताना टायर रिमवरून गोल सरकतो. ट्यूब टायरला चिकटलेली असल्याने तीही सरकते. व्हॉल्व्ह मात्र रिमच्या भोकात अडकलेला असतो. तो आधी तिरका होतो, मग बुडाशी फाटतो. बुडाशी फाटलेल्या ट्यूबला पॅच बसत नाही, ती फेकायचीच.

उपाय सोपा आहे. ट्यूब बसवताना तिच्यावर आणि टायरच्या आत शंखजिऱ्याची पावडर चोळा, म्हणजे टायर सरकला तरी ट्यूब जागेवर राहते. व्हॉल्व्हवरची चकती रिमला घट्ट आवळू नका. टायर आणि रिमवर खडूची एक सलग रेघ मारा. पुढच्या वेळी रेघ तुटलेली दिसली, तर हवा काढून टायर मागे सरकवा. आणि ट्यूब असेल तर मागच्या चाकात ६ पीएसआयच्या खाली जाऊ नका.

आता काटे. पावसाळा संपून गवत वाळलं की शेतांच्या धुऱ्यांवर आणि पांदणींच्या कडेला सराटे पसरतात. त्याचं फळ कसंही पडलं तरी एक काटा वर राहतो. त्यात बाभळीची भर. चार इंची टायर दोन इंचीच्या दुप्पट जागा झाडून नेतो, म्हणून काटेही दुप्पट गोळा करतो. जाड टायरला पंक्चर होत नाही हा समज दुकानातच सोडून या.

पंक्चर झालं की आधी भोक बघा. एकच बारीक भोक असेल तर काटा. समोरासमोर दोन चिरा असतील तर ट्यूब रिम आणि दगड यांच्यात चेचली गेली आहे, म्हणजे हवा कमी होती किंवा वेग जास्त होता. पहिल्या प्रकारात पॅच लावून उपयोग नाही, जोवर काटा टायरात आहे. सुती फडकं टायरच्या आतून गोल फिरवा. जिथे धागा अडकेल तिथे सराट्याचं टोक मोडून बसलेलं असतं. ते चिमट्याने किंवा पक्कडने आतून ओढा, बाहेरून उकरत बसू नका.

रोजच्या वापराला सगळ्यात किफायतशीर तोड म्हणजे ट्यूबच्या आत पंक्चर रोखणारं द्रव. बहुतेक फॅट बाइकला मोटारसायकलसारखा जाड व्हॉल्व्ह असतो. त्याची पिन काढून १५० मिलिलिटरच्या आसपास द्रव आत सोडता येतं. ट्यूबलेस करायचं तर रिम आणि टायर दोन्ही त्यासाठी बनलेले हवेत. टायरची कड रिमवर घट्ट बसत नसेल, तर ८ पीएसआयला वळणावर फुस्सकन हवा सुटते. योग्य रिम असेल तर ७५-८० मिलिमीटर रुंदीची टेप, ट्यूबलेस व्हॉल्व्ह आणि प्रत्येक चाकात १२० ते १५० मिलिलिटर लॅटेक्स द्रव, एवढं पुरतं. कड बसताना फटफट असे दोन आवाज येतात. ते २० ते २५ पीएसआयला येतात. आले नाहीत म्हणून छापलेल्या मर्यादेपुढे भरू नका, कडेला साबणाचं पाणी लावा. नागपूरच्या उन्हाळ्यात हे द्रव आटतं. डब्यावर सहा महिने लिहिलेलं असलं तरी एप्रिल-मेमध्ये दर दोन महिन्यांनी चाक हलवून कानाला लावा. आत डुचमळण्याचा आवाज नसेल तर ६० मिलिलिटर भर घाला.

काळी माती: इथे जाड टायर हरतो

जाहिरातीत फॅट बाइक चिखल उडवत जाते. तो चिखल काळ्या मातीचा नसतो. विदर्भातली काळी माती पाणी पिऊन फुगते आणि लोण्यासारखी चिकट होते. टायर जितका रुंद, तितकी ती जास्त उचलतो. स्वस्त फ्रेममध्ये टायर आणि मागच्या दांड्यांच्या मध्ये बाजूला आठ-दहा मिलिमीटर जागा असते. शंभर पावलांत ती भरते, चाक अडकतं, आणि सायकल पाच किलोने जड झालेली असते. इथे हवा कमी करूनही काही होत नाही. रुतणं हा प्रश्नच नाही, चिकटणं हा आहे.

पाऊस झाल्यावर मुरमाचा रस्ता काही तासांत चालण्याजोगा होतो. काळ्या मातीच्या पांदणीला दोन दिवसांचं कडक ऊन लागतं. मध्ये अडकलातच तर चाक जबरदस्तीने फिरवू नका. चेन आणि गिअरचा पक्षी, म्हणजे मागची डिरेलर, त्यात मोडते. काडीने माती काढा, सायकल उचलून गवताच्या कडेने चाला. घरी आल्यावर ओली माती धुण्यापेक्षा वाळू द्या, ती ढेपांनी निघते. मोटारी धुतात त्या जोराच्या फवाऱ्याने हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या गाभ्यावर, पाणी मारलं की ग्रीस निघून जातं आणि छर्रे गंजतात. स्वस्त फॅट बाइकचा मागचा हब वर्षभरात खडखडू लागतो, त्यामागे बहुधा हीच धुलाई असते.

आणखी एक शिस्त आहे जी बर्फाळ देशांतून आली पण इथे तंतोतंत लागू पडते. मागे वळून बघा. तुमच्या चाकाची चाकोरी एक इंचाहून खोल उमटत असेल तर उतरा. बर्फात ती चाकोरी रात्री गोठते आणि दुसऱ्या दिवशी स्कीवाल्यांचे पाय मोडते. पांदणीत ती वाळून दगड होते आणि शेतकऱ्याची बैलगाडी वर्षभर त्यात हिसके खाते.

जंगलाचंही इथेच सांगून टाकावं. गोरेवाडा, पेंच, उमरेड-कऱ्हांडला या भागांत वाट मोकळी दिसली म्हणून आत शिरू नये, वनखात्याची परवानगी असेल तिथेच जावं. सायकल आवाज करत नाही. बिबट्यासाठी आणि तुमच्यासाठी ती गोष्ट सारखीच गैरसोयीची आहे.

वाळूत गिअर का लागतो

दुकानातल्या अनेक फॅट बाइक बिनगिअरच्या असतात. दिसायला सुटसुटीत, पण वाळू-बर्फासाठी निरुपयोगी, आणि त्याचंही गणित आहे. पुढे ३६ दात, मागे १८, म्हणजे पायडलच्या एका फेऱ्यात चाक दोनदा फिरतं. २६ इंची रिमवर चार इंची टायर चढला की चाकाचा घेर सुमारे २.३ मीटर होतो. एका फेऱ्याला ४.६ मीटर. मिनिटाला साठ फेरे मारले तर वेग साडेसोळा किलोमीटर. वाळूत तो वेग मिळत नाही, म्हणून फेरे कमी होतात, प्रत्येक फेऱ्याला झटका बसतो, आणि झटक्याने चाक जागीच खड्डा खणतं.

पुढे २६ आणि मागे ३२ असेल तर एका फेऱ्यात १.९ मीटर, साठ फेऱ्यांना ताशी सात किलोमीटरच्या आत. या वेगाने वाळूत तासभर जाता येतं. बसून, पाय एकसारखे फिरवत. उभं राहून दणादण मारलं की मागच्या चाकावरचा भार उडतो आणि ते घसरतं. बूड थोडं मागे, कोपर सैल, पुढचं चाक हलकं. वळताना हँडल मोडू नका, कंबर आणि नजर वळवा. मऊ जमिनीत तिरकं झालेलं पुढचं चाक नांगरासारखं आत जातं. ब्रेक मागचा, तोही अलगद. बहुधा ब्रेकची गरजच पडत नाही, पाय थांबवले की सायकल थांबते.

थांबल्यावर पुन्हा निघणं सगळ्यात अवघड. पुढचा पायडल घड्याळातल्या दोनच्या जागी आणा, हलक्या गिअरवर हळू दाबा, चाक एक फेरा फिरेपर्यंत जोर वाढवू नका. तीनदा जमलं नाही तर दहा पावलं ढकलून टणक जागा शोधा.

गुडघ्यांकडेही लक्ष ठेवा. जाड टायर मावावा म्हणून फॅट बाइकची मधली बॉटम ब्रॅकेटची नळी, म्हणजे पायडलचा दांडा जिच्यातून जातो ती, १०० मिलिमीटर रुंद असते, साध्या सायकलीची ६८ किंवा ७३. त्यामुळे दोन्ही पाय फाकून पडतात. बहुतेकांना सवय होते. काहींना गुडघ्याच्या आतल्या बाजूला दुखू लागतं. सीट पाच-सहा मिलिमीटर खाली घेऊन फरक पडला नाही, तर ही सायकल त्या गुडघ्यांची नव्हे.

मग खरा बर्फ

अटल बोगदा ३ ऑक्टोबर २०२० ला खुला झाल्यापासून मनालीहून लाहौलमधल्या सिस्सूला हिवाळ्यातही जाता येऊ लागलं, रस्ता साफ असेल तेव्हा. नागपूरहून दिल्लीपर्यंत रेल्वे आणि पुढे बस. गुलमर्ग हा दुसरा पर्याय. पण बर्फ म्हणजे एकच वस्तू नाही, हे जाण्याआधी माहीत असावं.

ताजा, भुसभुशीत, गुडघाभर बर्फ फोटोत सुंदर असतो आणि त्यावर फॅट बाइक चालत नाही. तरंगत नाही, रुतते. अलास्कातही लोक स्नोमोबाइलने दाबलेल्या वाटेवरच चालवतात. माणसांनी किंवा गाड्यांनी तुडवलेला, रात्रभर गोठून घट्ट झालेला बर्फ हवा. त्यावर ६ ते ८ पीएसआय. वर दोन-तीन बोटं नवा बर्फ पडला असेल तर ४ ते ५. पण ६च्या खाली फक्त ट्यूबलेस. सकाळी बर्फ पायाखाली करकरतो, तेव्हा पकड चांगली असते. दुपारी ऊन पडलं की त्याचा चिखल होतो आणि सकाळी सहज गेलेली वाट परतताना जमत नाही. म्हणून परतीची वेळ अकराच्या आत धरा.

आणि काच झालेला बर्फ. त्यावर टायर चार इंची असो की चाळीस, रबर घसरतंच. तिथे टायरला कार्बाइडचे खिळे लागतात, एका टायरात दोनशेच्या आसपास. ते नसतील तर गाड्यांच्या रस्त्यावरच्या काळसर चकाकत्या पट्ट्यावर सायकल घालू नका. मागून येणारी गाडीही त्याच पट्ट्यावर असते, आणि तिलाही ब्रेक लागत नाही.

हवेचं गणित इथे पुन्हा उलटतं. गेज दाखवतो तो आतल्या आणि बाहेरच्या दाबातला फरक. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटरवर आहे, तिथे बाहेरचा दाब १४.२ पीएसआयच्या आसपास. सिस्सूला तीन हजार मीटरच्या वर तो दहापर्यंत उतरतो. नागपुरात २५ अंशांना ८ भरलेला टायर केवळ उंचीमुळे तिथे १२ दाखवेल. उणे ८ अंशांची थंडी त्यातले अडीच काढून घेईल. हाती राहतात साडेनऊ. घरून हवा 'सेट' करून नेण्याला काही अर्थ नाही. खोलीत सेट करण्यालाही नाही: १८ अंशांच्या खोलीत ६ भरले आणि बाहेर उणे १२ असेल, तर अर्ध्या तासात साडेचारच्या खाली. सायकल बाहेर ठेवा, वीस मिनिटं गार होऊ द्या, मग मोजा.

थंडीत बिघडणारी यंत्रं वेगळीच. मागच्या हबमधलं ग्रीस घट्ट झालं की आतल्या कुत्र्या, म्हणजे फ्रीव्हीलचे दात धरणाऱ्या पट्ट्या, चिकटून बसतात आणि पायडल दोन्ही दिशांना मोकळा फिरतो. निघण्याआधी हब उघडून जाड ग्रीस काढा, पातळ तेल घाला. ब्रेक-गिअरच्या वायरच्या आवरणात पावसाळ्यात शिरलेलं पाणी गोठतं आणि वायर जाम होते. नवी वायर, नवं आवरण, तेही कोरड्या दिवशी बसवलेलं. हायड्रॉलिक ब्रेक मिनरल ऑइलचे असतील तर कडाक्याच्या थंडीत लिव्हर सुस्त परत येतो, डॉट तेलाचे त्यामानाने बरे. बॅटरीवरचे दिवे आणि फोन लवकर मरतात, ते आतल्या खिशात ठेवा.

पाण्याची बाटली उलटी लावा. बर्फ वरून जमायला सुरुवात होते. उलट्या बाटलीत तो बुडाशी जमतो, तोंड मोकळं राहतं. नळीवाली पिशवी घेऊ नका, नळी पहिल्यांदा गोठते. बूट नेहमीपेक्षा एक नंबर मोठा, म्हणजे दोन मोज्यांनंतरही बोटं हलतील. बोटं आवळली की रक्त थांबतं आणि मोजे कितीही जाड असले तरी पाय गार पडतात. पायडल सपाट, क्लिपचे नकोत, कारण धातूची क्लिप तळव्यातून थंडी ओढते. हातांसाठी हँडलवर बसणारे मोठे कप्पे हातमोज्यांपेक्षा जास्त काम करतात. कपडे असे घाला की निघताना थोडी थंडी वाजेल. नागपूरकर नेमकं उलट करतो: सगळं अंगावर चढवून निघतो, चढावर घामाने भिजतो आणि उतारावर कुडकुडतो.

घेताना काय बघावं

दहा-पंधरा हजारांच्या फॅट बाइक घेऊ नयेत असं नाही. मुरमावर आणि वाळूत शिकायला त्या पुरतात. पण दुकानात टायर हाताने दाबून बघा: त्यांतले बरेच टायर इतके ताठ असतात की हवा काढली तरी उभे राहतात, आणि मग हवा कमी करण्याचा फायदाच मिळत नाही. टायरवर छापलेला टीपीआय आकडा, म्हणजे कापडात एका इंचात किती धागे आहेत तो, वाचा. ३०च्या आसपास म्हणजे ताठ आणि जड, १२० म्हणजे मऊ पण सराट्यांसाठी मेजवानी. आपल्या भागाला ६० बरोबर. बिनगिअरची नको. मागच्या बाजूला सगळ्यात मोठं दातेरी चक्र किमान ३२चं असावं. चाक फिरवून त्याचा आउट, म्हणजे ते डुलतं का, बघा, आणि टायर-फ्रेममधल्या फटीत करंगळी दोन्ही बाजूंना सहज जाते का तेही.

शेवटी मागच्या हबची रुंदी विचारून लिहून ठेवा. फॅट बाइकमध्ये ती १३५, १७०, १७७, १९० किंवा १९७ मिलिमीटर असू शकते, आणि गल्लीतल्या सायकलवाल्याकडे सहसा पहिलीच असते. बाकीच्या ऑनलाइन मागवाव्या लागतात. ट्यूबचंही तसंच, २६ गुणिले ४ची ट्यूब रामटेकच्या पंक्चरवाल्याकडे मिळेल ही आशा धरू नका; एक सायकलीवर बांधलेली असावी, एक घरी.